मिक्स बॅच सुरू करतोय: कपड्यांचा नियम काय ठेवू, आणि टक लावून बघणाऱ्यांचं काय करू?

वडगाव_व्यायाम

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात आमची जिम आहे, साधारण १२०० चौरस फूट, दोन ट्रेनर. सकाळ-संध्याकाळ जेन्ट्स आणि दुपारी लेडीज बॅच असते. नोकरीवाल्या ताई आणि कॉलेजच्या मुलींना दुपार जमत नाही, म्हणून पुढच्या महिन्यापासून सकाळी साडेपाच ते साडेआठ मिक्स बॅच करायची आहे.

जुने मेंबर म्हणतात, बायकांना सैल टी-शर्ट सक्तीचा करा, म्हणजे पुढचा वादच नको. लेडीज बॅचच्या ताई विचारतात, आमच्या कपड्यांना नियम लावणार, मग बघत बसणाऱ्यांना कुठला लावणार? मला दोन्हीकडची माणसं ठेवायची आहेत, पण कुणाची मान खाली जाईल असं काही करायचं नाही. फॉर्मवर काय लिहायचं, तक्रार आली तर आधी काय आणि मग काय, मशीन हलवावी लागतील का, हे जाणकारांनी नीट सांगा की. पाटी कन्नड आणि मराठी दोन्हीत लावणार आहे.

कोच_अनगोळ

दादा, कपड्यांचा नियम आणि नजरेचा नियम एका वाक्यात आणूच नका. "सैल कपडे घाला म्हणजे कोणी बघणार नाही" असं लिहिलंत की बघणाऱ्याची जबाबदारी तुम्ही स्वतःच काढून घेतलीत. उद्या तक्रार आली की तो माणूस तुमच्याच पाटीकडे बोट दाखवेल.

कपड्यांचा नियम मशीन, घाम आणि इजा एवढ्यापुरताच ठेवा, आणि बाई-पुरुष दोघांना सारखा. सैल टी-शर्टची सक्ती तर व्यायामाच्याच आड येते. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) किंवा बेंट ओव्हर रोला (वाकून बार पोटाकडे ओढणं) वाकलं की सैल गळा खाली लोंबतो आणि जे झाकायला घातलं तेच उघडं पडतं. हिप थ्रस्टला (पाठ बेंचला टेकवून मांडीवरचा बार कमरेने वर ढकलणं) टी-शर्टचा घेर बारखाली गोळा होतो. अंगासरशी बसणारा, बंद गळ्याचा, कमरेखाली चार बोटं येणारा टी-शर्ट सगळ्यात सोयीचा. पण हे सल्ला म्हणून सांगा, सक्ती म्हणून नको.

आपल्याकडे बऱ्याच जणी पंजाबी ड्रेसवर येतात. त्यांना अडवू नका, फक्त ओढणी लॉकरमध्ये ठेवायला सांगा. ट्रेडमिलच्या पट्ट्यात किंवा केबलच्या पुलीत ओढणीचं टोक गेलं तर गळ्याला फास बसतो. बाजूला उंच कट असलेला कुर्ता सायकलच्या पॅडलमध्ये अडकतो, तो कमरेला गाठ मारून घ्यावा. बांगड्या बारवर आपटून फुटतात आणि मनगटात शिरतात. मंगळसूत्र काढायला सांगायचं नाही, तो त्यांचा प्रश्न. टी-शर्टच्या आत टाकून वरून टेप लावला की बेंच प्रेसला अडत नाही. जोडवी घट्ट बुटात बोट सोलतात, म्हणून पुढे रुंद असलेले बूट. लांब वेणीचा अंबाडा, नाहीतर बेंचवर झोपताना ती खांद्याखाली दाबली जाते आणि मान हिसकते.

पुरुषांना हाच नियम लावा. उघड्या अंगाने व्यायाम बंद. बगलेपासून कमरेपर्यंत कापलेलं बनियन घालून बेंचवर झोपलं की सगळा घाम रेक्झिनवर उतरतो. आतून अस्तर नसलेली सैल हाफ पँट घालून लेग प्रेसवर पाय वर केले की समोरच्याला नको ते दिसतं. हे जुन्या मेंबरांना स्पष्ट सांगा. तालमीत लंगोटावर उतरतात ते बरोबरच आहे, तिथे लाल माती आहे आणि वस्तादाचा धाक आहे. त्याच तालमीची शिस्त जिममध्ये आणायची तर आधी नजरेची आणा.

आता मशीन. यात लोक सगळ्यात कमी लक्ष घालतात आणि फरक सगळ्यात जास्त इथेच पडतो. मांड्यांचं अ‍ॅडक्टर मशीन बहुतेक ठिकाणी हॉलच्या मध्याकडे तोंड करून ठेवलेलं असतं. पाय फाकवून बसायचं आणि समोरच्या बेंचवर चारजण रेस्ट घेत बसलेले. ते भिंतीकडे तोंड करून फिरवा. डेडलिफ्टची जागा अशी घ्या की उचलणाऱ्याची पाठ भिंतीकडे आणि तोंड हॉलकडे राहील. हिप थ्रस्टचा बेंच कोपऱ्यात, डोकं हॉलकडे आणि पाय भिंतीकडे. रेस्टला बसायचे मोकळे बेंच या जागांच्या समोर नकोत. आरसे समोरासमोर लावले असतील तर एक काढा, कारण दोन आरशांत माणूस पाठ करून बसला तरी मागचं सगळं बघू शकतो आणि वर "मी तिकडे तोंडच केलं नव्हतं" म्हणतो. आरशाची खालची कड जमिनीपासून २० इंचांवर असू द्या. वजनाच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, तेवढ्या उंचीवर ती आरशावर आपटत नाही.

ट्रेनरचा हात हा वेगळा विषय आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते बघणाऱ्या मेंबरपेक्षा यावर जास्त वेळ द्या. आधी तोंडाने सांगायचं, मग करून दाखवायचं, मग काठी वापरायची. कमरेतून वाकणं शिकवताना पाठीवर काठी धरायला द्या: डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन जागी काठी टेकलेली राहिली की पाठ सरळ आहे. हात लावावाच लागत नाही. स्क्वॅटला (बार खांद्यावर घेऊन उठबस) मागे बॉक्स ठेवा. इतकं करूनही लावायचा असेल तर "पाठीला दोन बोटं लावू का?" असं जागा सांगून विचारायचं, दर वेळी. काल हो म्हणाली म्हणून आज चालतं असं नाही.

स्क्वॅटला मागून मिठी मारल्यासारखं उभं राहून सपोर्ट देणं बंद करा, बाईला नाही आणि पुरुषालाही नाही. रॅकच्या (बार ठेवायच्या स्टँडच्या) सेफ्टी पिना, म्हणजे बार सुटला तर अडवणारे आडवे दांडे, बार सगळ्यात खाली येतो त्या पातळीपेक्षा एक भोक खाली लावा. पिना नसतील तर बारच्या दोन टोकांना दोन माणसं. बेंच प्रेसला डोक्यामागे एक पाऊल अंतर ठेवून हात बारजवळ, चेहऱ्यावर ओणवं व्हायचं नाही. डंबेल प्रेसला मनगटाजवळ धरायचं. कोपराला धरलं तर डंबेल आतल्या बाजूला चेहऱ्यावर येऊ शकतो.

तक्रार आली की त्याच दिवशी, त्याच बॅचमध्ये बोला. माणसाला ऑफिसात बोलवायचं आणि नेमकं सांगायचं: "सात वाजता त्या रॅकवर होत्या तेव्हा तुम्ही पूर्ण सेटभर बघत होता, मग त्यांच्यामागे केबलवर आलात. हे इथे चालत नाही." कुणी तक्रार केली हे सांगायचं नाही, "आमच्या लक्षात आलं" म्हणा. तारीख-वेळ वहीत लिहा. दुसऱ्यांदा झालं तर पंधरा दिवस बंद. तिसऱ्यांदा मेंबरशिप रद्द, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत. पैसे अडकवून ठेवलेत की भांडण पैशांचं होतं आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. हात लावणं, चोरून फोटो, जिमबाहेर मागे जाणं याला पहिली-दुसरी वेळ नाही, त्याच दिवशी बाहेर.

खानापूर_रोड

कोच ताईंनी मालकाच्या बाजूने सगळं सांगितलं. मी उचलणाऱ्या पुरुषांसाठी लिहितो, कारण "बघायचं नाही" एवढं सांगून भागत नाही, मग बघायचं कुठे हेही सांगावं लागतं.

जड सेट झाला की दोन ते तीन मिनिटं रेस्ट असते. तेवढा वेळ डोकं रिकामं असतं आणि हॉलमध्ये जे हलतंय तिकडे डोळे आपोआप जातात. नजर पडली यात गुन्हा नाही. ती तिथे थांबली, परत परत गेली, किंवा खालपासून वरपर्यंत फिरली, की समोरच्या बाईला लगेच कळतं. तेव्हा सेट संपला की आपल्याच बारकडे तोंड करून बसा. वहीत वजन आणि ते किती वेळा उचललं ते लिहा. फोनवर टायमर लावा, पण फोन आडवा करून छातीसमोर धरू नका, समोरचीला शूटिंग वाटतं आणि तिचं काही चूक नाही. चुकून आरशात नजरानजर झाली तर हलकी मान हलवून आपल्या कामाला लागा. हसून परत बघायचं नाही.

मशीन हवं असेल तर मागून जाऊन खांद्याला टिचकी मारू नका. बार खाली ठेवेपर्यंत थांबा, तिला दिसेल अशा बाजूने या आणि "ताई, किती सेट राहिलेत?" एवढं विचारा. कानात हेडफोन असेल तर हात वर करा. "तीन" म्हणाली तर "झाल्यावर सांगा" म्हणून निघून जा, शेजारी उभं राहून मोजत बसू नका. ताई, मॅडम, अक्का काही म्हणा, पण तुम्ही-आम्हीतच बोला. ती कॉलेजची पोर असली तरी ओळख नसताना "ए, तू" नको. न मागता फॉर्म सुधारायला जाऊ नका. वजन खरंच अंगावर पडतंय असं दिसलं तरच धावा, बाकी तिच्या ट्रेनरला सांगा.

आपल्या भागाची एक गोष्ट मुद्दाम लिहितो. बेळगाव एवढं मोठं झालं तरी गल्ली गल्लीला ओळखते. "तुम्ही कुठल्या? आडनाव काय? अमक्यांच्या तुम्ही कोण?" हे आपण आपुलकीने विचारतो, पण जिममध्ये अनोळखी मुलीला विचारलं की तिला घरचा पत्ता काढतोय असं वाटतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या भावाला किंवा वडिलांना चौकात भेटून "तुमची पोरगी दिसली हो जिमला, तसले टाइट कपडे घालून" असं सांगणं. एवढ्या एका वाक्यावर मुलींची जिम बंद होते. नियमात हे लिहा: इथे कोण येतं, काय घालतं, कुणाशी बोलतं, हे बाहेर सांगायचं नाही. मला विचाराल तर टक लावून बघण्याइतकाच हा नियम महत्त्वाचा आहे.

कापडवाला_खडेबाजार

कपड्यांचं कापडाच्या अंगाने सांगतो. निम्म्या जणींना लाज वाटते ती कापड पातळ निघाल्यामुळे, आणि ते दुकानातच कळू शकतं.

लेगिंग घेताना कापडाचं वजन विचारा. १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचं कापड उभं असताना ठीक दिसतं, पण स्क्वॅटला ताणलं की आरपार होतं. २२० ते २६० घ्या. त्याहून जाड उन्हाळ्यात तापतं. धागा पॉलिएस्टर किंवा नायलॉन ७५ ते ८० टक्के आणि बाकी स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणून परत जागेवर येतं. दुकानात कापडात हात घालून ताणा आणि ट्यूबलाइटखाली धरा: तळहाताच्या रेषा दिसल्या तर सोडून द्या. मग ट्रायल रूममध्ये पूर्ण खाली बसून बघा. आसनात, म्हणजे दोन मांड्यांच्या मध्ये, वेगळा चौकोनी तुकडा जोडलेला असावा. नुसत्या चार शिवणी एका जागी आलेल्या असतील तर ताण तिथेच येतो, शिवण उसवते आणि कापड आत ओढलं जातं. कंबर उंच आणि पट्टा रुंद घ्या, म्हणजे वाकताना मागून खाली सरकत नाही. फिका राखाडी रंग घामाचा प्रत्येक डाग दाखवतो. काळा, नेव्ही, बॉटल ग्रीन यांत दिसत नाही.

स्पोर्ट्स ब्राचा आधार पट्ट्यांत नसून खालच्या बॅन्डमध्ये असतो. बॅन्डखाली दोन बोटं जातील इतका घट्ट. दोन्ही हात वर केल्यावर बॅन्ड वर सरकला तर साइझ मोठा आहे. धावायला, दोरीवरच्या उड्यांना हाय इम्पॅक्ट लागते, नुसत्या वजनांना मीडियम पुरते.

पुरुषांनी सात इंच इनसीमची (मांडीच्या आतल्या शिवणीची लांबी), आतून अस्तर असलेली शॉर्ट घ्यावी किंवा आत अंगासरशी घट्ट कॉम्प्रेशन शॉर्ट घालावी. विषय तिथेच संपतो.

आणि धुणं. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, धाग्यावर थर बसतो आणि कापड घाम ओढायचं बंद होतं. गार पाणी, उलटं करून, सावलीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुती कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट कपडा अंगात घातला की मांडीत, काखेत नायटा येतो आणि बेंचवरून, टॉवेलवरून दुसऱ्याला लागतो. जाड सुतीपेक्षा पातळ पॉलिएस्टर एका रात्रीत वाळतं. दोन टॉवेल ठेवा, एक अंगाला आणि एक बेंचवर टाकायला. मेडिकलमधून विचारून घेतलेलं स्टिरॉइडचं मिक्स मलम नायट्याला लावू नका, आठ दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

कोर्ट_कचेरी_कॅम्प

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेतली ३५४-अ, ३५४-ड ही कलमं फॉर्मवर छापू नका.

कलम ७५ मध्ये नकोसा स्पर्श आणि उघड लैंगिक मागणी येते, तीन वर्षांपर्यंत कैद. अश्लील शेरेबाजीही त्यातच, एक वर्षापर्यंत. कलम ७७ म्हणजे बाई खाजगी अवस्थेत असताना चोरून बघणं किंवा शूटिंग. चेंजिंग रूममधला कॅमेरा किंवा दारावरून धरलेला फोन यात येतो, आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्ष, कमाल तीन. कलम ७८ म्हणजे नको म्हटल्यावरही मागे जाणं, वारंवार संपर्क करायला बघणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं. कलम ७९ मध्ये विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने केलेला शब्द, हावभाव किंवा कृती. हॉलमध्ये नुसतं टक लावून बघणं यातल्या कुठल्याही कलमात सहज बसत नाही, हेतू सिद्ध करावा लागतो. म्हणूनच जिमचा स्वतःचा लेखी नियम आणि त्यावर मेंबरची सही लागते. सही असली की तुम्हाला कलम शोधावं लागत नाही, नियम मोडला म्हणून मेंबरशिप रद्द करता येते.

२०१३ चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ कायदा जिमलाही लागतो, आणि त्यात तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. तुमच्याकडे दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत, तेव्हा ट्रेनर किंवा मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.

तातडीला ११२, महिलांसाठी १८१. पोलिसांत वरच्या कलमांखालची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. फिर्याद बहुधा कन्नडमध्ये लिहिली जाईल. ती वाचून दाखवून समजल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मागा, ती फुकट मिळते.

वडगावच्या दादांनी सीसीटीव्हीचं एक बघावं. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं घेतो. तक्रार आली की त्याच दिवशी तेवढा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि काउंटरवरचा स्क्रीन मेंबरांना दिसेल असा लावू नका, नाहीतर तिथेच उभं राहून बघणारे तयार होतात.

निपाणीकर

सगळं पटलं, फक्त एक. मिक्स बॅच सुरू केली म्हणून दुपारची लेडीज बॅच बंद करू नका. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या घरांत "फक्त बायकांची बॅच आहे" एवढ्यावरच परवानगी मिळते. ज्यांना पुरुषांत व्यायाम नको वाटतो त्यांचाही मान राखला पाहिजे. दोन्ही ठेवा, ज्या त्या बाईला निवडू द्या. आणि दुपारच्या बॅचला ट्रेनरही बाईच असावी, पुरुष ट्रेनर ठेवून पाटीवर लेडीज लिहिणं ही फसवणूक आहे.

वडगाव_व्यायाम

सगळ्यांचे आभार. दुपारची बॅच राहील. अ‍ॅडक्टर मशीन या रविवारीच फिरवतो. अजून एक विचारायचं राहिलं: सगळ्यांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात ताईंना घेऊ का? आणि हजेरीची वही काउंटरवरच असते, ती चालेल ना?

कोच_अनगोळ

दोन्ही बदला. ग्रुपमध्ये घेतलं की तिचा नंबर सगळ्या पुरुषांच्या हातात जातो, आणि रात्री साडेदहाला "हाय, ओळखलंत का" सुरू होतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, तीत मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो आणि एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. ज्यांनी जिमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, तेवढं त्यांना सांगा. ट्रेनरनेही मेसेज जिमच्याच नंबरवरून करायचे, स्वतःच्या नाही.

वहीत नाव आणि मोबाइल एकाच ओळीत असतो आणि सही करताना वरच्या दहा ओळी प्रत्येकाला वाचता येतात. हजेरीला नुसता मेंबर नंबर आणि सही ठेवा. फॉर्म कुलपात.

पाटीचा मजकूर असा करा, पाच ओळींच्या वर नको:

"टक लावून बघू नका. न विचारता फोटो-व्हिडिओ काढू नका. न विचारता हात लावू नका, सल्ला देऊ नका. इथे दिसलेलं बाहेर सांगू नका. तक्रार काउंटरवर किंवा जिमच्या नंबरवर करा, नाव गुप्त राहील."

कन्नडमध्ये पहिल्या ओळीला "दिट्टिसि नोडबेडि" पुरतं, बाकीचं कन्नड जाणणाऱ्या मेंबरकडून तपासून घ्या. पाटी रॅकजवळ आणि पाण्याच्या फिल्टरपाशी लावा, रेस्टला माणसं तिथेच उभी असतात. लेडीज चेंजिंग रूमच्या आतल्या बाजूला तक्रारीचा नंबर वेगळा चिकटवा, आणि दाराची कडी आतून नीट बसते का ते आजच बघा.